न मागितलेलं मत

डोंगरापलीकडच्या राज्यानं हात वर केलाच नाही. पडद्यावर बाकीच्या राज्यांचे हात पटापट वर गेले, एकदोघांनी नेहमीप्रमाणे तोंडं फिरवली, आणि ज्याच्यावर राजदूताचा सगळ्यांत जास्त भरवसा होता ते हे एक राज्य हाताची घडी घालून नुसतं बसून राहिलं. राजदूत म्हणजे खराखुरा नव्हे. कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीतला, चाळिशी उलटलेला, पोट जरासं सुटलेला, कुणाशी कधी आवाज चढवून न बोललेला माणूस. त्यांच्या खेळात राज्यं असतात, आळीपाळीनं चाल करायची असते आणि जिंकायच्या वाटा वेगवेगळ्या असतात. सगळ्यांना तुडवून जिंकता येतं. शास्त्रात सगळ्यांच्या पुढे जाऊन जिंकता येतं. आणि एकही लढाई न करता, सगळ्यांची मनं राखून, शेवटी सगळ्या राज्यांची जी सभा भरते तिच्यात मतं मिळवूनही जिंकता येतं. ही शेवटची वाट राजदूताची. कोण कशानं खूष होतं, किती धान्य पाठवलं की किती जिव्हाळा वाढतो, मोडलेला शब्द किती पिढ्या लक्षात राहतो, हे सगळं त्याच्या डोक्यातून निघालेलं. म्हणून ऑफिसात त्याला राजदूत म्हणायचे, आणि मनातल्या मनात त्याला ते आवडायचं.

"सर, बग आहे का हो हा?" चष्मेवालीनं विचारलं. चष्मेवाली म्हणजे खेळ तपासणारी पोरगी. दिवसभर खेळायचं आणि कुठे काय बिघडलंय ते सांगायचं, हे तिचं काम, आणि ते ती घरचं कार्य असल्यासारखं करायची. "पूर्ण मैत्री आहे ह्यांच्याशी. धान्य दिलं, रस्ते बांधून दिले, साथ आली तेव्हा वैद्य पाठवले. आणि ऐन वेळी बसलेत बघा मख्खासारखे. मेले कृतघ्न!" राजदूत तिच्या खुर्चीमागे उभा होता. असं का झालं ते त्याच्या लक्षात आलं होतं. "तू त्यांच्याकडे मत मागितलंस?" त्यानं शेवटी विचारलं. "छे! मागितलं की मैत्री कमी होते ना? तुम्हीच तसं ठेवलंय." "हो." "मग?" "मग काही नाही. मागितलंच नाही तर त्यांना वाटतं, ह्याला आपली गरज नाही. मग ते कुणालाच मत देत नाहीत." हा नियमही त्याचाच होता. फार सुरुवातीला कधीतरी लिहिलेला आणि साफ विसरलेला. चष्मेवाली खुर्ची फिरवून हसली. "म्हणजे मागितलं तरी पंचाईत आणि नाही मागितलं तरी पंचाईत. सर, तुमचं लग्न झालंय हे खेळातसुद्धा कळतं हं." तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. राजदूतही हसला, हसण्यात तो तरबेज होता.

त्याच दुपारी न्यायाधीशबाई मुंगीला आत बोलावणार होत्या. एकटीला. मुंगी म्हणजे त्याची मुलगी, सातवीतली. लहानपणी स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची म्हणून मुंगी, आणि आता ताडमाड वाढली तरी मुंगीच. तिची आई वेगळी राहायला गेल्यापासून मुंगी एक आठवडा इकडे आणि एक आठवडा तिकडे असायची. तिची बॅग कधी पूर्ण उघडायची नाही आणि कधी पूर्ण भरायचीही नाही. हे असं किती दिवस चालणार? तेव्हा कोर्टानं सांगितलं होतं, मुलगी कळत्या वयाची आहे, तिला कुठे राहायचंय ते तिलाच विचारू. राजदूताला त्या दिवशी चक्क हायसं वाटलं होतं. मतदान! म्हणजे आपलंच मैदान की. तो घरी आला आणि त्यानं हातापायाची नखं काढावीत तितक्या शांतपणे तयारी सुरू केली. मुंगीच्या मावशीचा कॉम्प्युटर नीट करून दिला. सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, तिथे रांगेत त्यांच्याबरोबर बसला, त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या भानगडी पुन्हा एकदा ऐकल्या. शाळेतल्या बाईंना परीक्षेचं वेळापत्रक आपोआप लागेल असं काहीतरी करून दिलं, तेव्हा बाई म्हणाल्या, तुमच्यासारखा बाप हवा हो प्रत्येकाला. मुंगीच्या मैत्रिणीच्या आईला सोडायला-आणायला गाडी दिली. सगळे त्याच्या बाजूचे झाले होते. सासरे तर त्याच्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या पोटच्या पोरीला म्हणाले होते, "असा जावई शोधून मिळायचा नाही." आणि आज, त्या एवढ्याशा संभाषणानंतर, आपल्या टेबलाशी येऊन बसल्यावर राजदूताला स्वच्छ दिसलं की ह्यांतल्या एकालाही मत नाही. मत एकच होतं. आणि ते त्यानं मागितलं नव्हतं.

तो टॅक्सी करून कोर्टाकडे निघाला. ड्रायव्हर कुणाशी तरी फोनवर भांडत होता, मोकळेपणानं, पोटभर, आणि राजदूत मागे बसून प्रत्येक शिवीला दचकत होता. हे दचकणं जुनं. त्याच्या लहानपणी घरात वडिलांचा आवाज आधी यायचा आणि मागून वडील यायचे. आई स्वयंपाकघरात भांडी आणखी हळू ठेवायला लागायची. हा मधल्या खोलीत उभा. दोघांचे निरोप इकडून तिकडे न्यायचे, नेताना त्यांतले काटे काढून टाकायचे. आई म्हणायची, त्यांना सांग, माझा जीव गेला तरी त्यांना काही नाही. हा जाऊन सांगायचा, आई म्हणते जरा बरं वाटत नाहीये. वडील म्हणायचे, तिला म्हणावं नाटकं पुरे. हा येऊन सांगायचा, बाबा म्हणतात पडून राहा. केवढासा जीव, आणि केवढं राजकारण! त्यातून त्यानं एका गोष्टीचा कानाला खडा लावला होता, की आपल्याला काय हवंय हे मध्ये आणायचं नाही. सहलीचे पैसे हवे असत, दप्तर फाटलेलं असे, एकदा तर ताप अंगात घेऊन तो दिवसभर वर्गात बसला होता. मागितलं की कुणाचा तरी आवाज चढतो. मागितलं नाही की घर शांत राहतं. असा शांत राहून राहून तो मोठा झाला, नोकरीला लागला आणि ही शहाणपणाची युक्ती त्यानं खेळात घातली. लोकांनी तिचं कौतुकही केलं. मग आता ह्या टॅक्सीत तो का असा घाबरला होता? काय केलं होतं त्यानं वाईट? कुणाला दुखावलं होतं?

मुंगीची आई एकदा म्हणाली होती, "भिंतीवर चेंडू मारला तर निदान तो परत तरी येतो. तुझ्याशी भांडून तेवढंही होत नाही." तेव्हाही तो हसून म्हणाला होता, "बरं, तू म्हणशील तसं." तिनं हातातला टॉवेल जमिनीवर आपटला होता, आणि त्यानं तो उचलून दांडीवर नीट वाळत घातला होता. तिनं घर सोडलं त्या दिवशीचं तर आता आठवूसुद्धा नये असं वाटत होतं, पण टॅक्सी सिग्नलला थांबली आणि ते आठवलंच. मुंगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. आतून कपाटाची दारं आपटल्याचे आवाज येत होते. मुंगीनं विचारलं होतं, "मी जाऊ का आईबरोबर?" आणि तो म्हणाला होता, "तुला वाटेल तसं, बेटा." केवढा मनाचा मोठेपणा! नंतर कितीतरी दिवस त्याला स्वतःच्या त्या वाक्याचा अभिमान वाटत होता. पोरीवर दडपण आणलं नाही, तिला मोकळं ठेवलं. मुंगी तेव्हा मोज्याचा एक सुटलेला धागा ओढत बसली होती. ओढत गेली, ओढत गेली, मोज्याला भोक पडलं तरी थांबली नाही. राजदूतानं टॅक्सीच्या काचेला कपाळ टेकवलं. तुला वाटेल तसं. म्हणजे काय? म्हणजे मला काही वाटत नाही, असंच ना? तिनं दुसरं काय समजायचं?

कोर्टाचा व्हरांडा म्हणजे लांबच लांब बोळ, भिंतीला लागून एकमेकींना जोडलेल्या पत्र्याच्या खुर्च्या, आणि त्यांवर बसलेली माणसं, सगळी तब्येत दाखवायला आल्यासारखी. मुंगी आईशेजारी बसून वेफर्स खात होती. हा आठवडा आईचा होता. मुंगीनं त्याला पाहून हात हलवला, आणि मग आईकडे पाहून तो अर्ध्यातच खाली घेतला. तो जवळ गेला, हसला, "सगळं ठीक?" म्हणाला, आईनं "हं" केलं. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. "आहे आमच्याकडे," ती म्हणाली. तिचेही डोळे रात्रभर न मिटल्यासारखे दिसत होते. त्याच्या वकीलबाई लगबगीनं आल्या, हातात फायलींचा गठ्ठा, आणि त्याला बाजूला घेऊन पुटपुटल्या, "मुलीशी आता काही बोलायचं नाही हं. न्यायाधीशबाईंना पढवलेलं लगेच कळतं, मग उलटं जातं. नुसते शांत बसा. ते तुम्हाला जमतं." जमतं. तो बसला. मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून. वेफर्सचा आवाज येत होता, कुरुम कुरुम, आणि प्रत्येक घासाबरोबर ते दार उघडायची वेळ जवळ येत होती. आता विचारावं. आत्ता. पण काय विचारावं? आणि विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? त्या दारामागे नाही म्हणाली तर कोर्टाचा कागद येईल, कागदाला माणूस सहन करू शकतो. पण इथे, तोंडावर, वेफर्सचे कण ओठांना लागलेले असताना ती नाही म्हणाली तर तो कुठे पाहणार होता? त्याची अक्षरशः पाचावर धारण बसली. एवढा बाप्या, आणि भीती कुणाची, तर स्वतःच्या पोरीची! तिच्या एका शब्दाची! वीस राज्यांना खेळवणारा माणूस एका खुर्चीचं अंतर ओलांडू शकत नव्हता.

पट्टेवाल्यानं दार किलकिलं करून आत डोकं घातलं, पुन्हा बाहेर काढलं. "पुढचा नंबर तुमचा," तो म्हणाला. मुंगीनं वेफर्सची पिशवी चुरगाळून मुठीत धरली. तेव्हा राजदूत वळला. "मुंगे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "मुंगे, हे बघ, मला..."

"आत्ता?" मुंगीची आई ताडकन उठली. "आत जायच्या वेळेला तिला पढवतोयस? एवढे दिवस मूग गिळून बसलास आणि आत्ता?"

नेहमीप्रमाणे तो आता हसणार होता. बरं, राहिलं, म्हणणार होता. ओठ तसे वळलेही. पण आतून काहीतरी वर आलं, उलटी येते तसं, आणि ते थांबवणं त्याच्या हातात राहिलं नाही. "पढवत नाहीये!" तो ओरडला. व्हरांड्यातली सगळी डोकी वळली. "पढवत नाहीये, सांगतोय! मला ती हवीय! माझ्या घरी हवीय! तू गेलीस आणि जाताना तिला घेऊन गेलीस, मला कुणी विचारलं नाही, आणि मी कुणाला काही म्हटलं नाही, पण म्हणून काय मला नकोय ती? कोण म्हणतं मला नकोय?"

"मी घेऊन गेले?" आईचा आवाजही चढला, कापायला लागला. "तूच म्हणालास ना तिला, तुला वाटेल तसं! भाजी कुठली आणू विचारल्यासारखं! मी आत उभी राहून ऐकत होते. एकदा तरी म्हणायचंस ना, जाऊ नका! एकदा! कपाट रिकामं करायला मी सबंध संध्याकाळ लावली, माहितीये? तीन वेळा तेच कपडे भरले आणि काढले. आणि तू मला म्हणालास, बॅगची चेन अडकतेय, थांब, मेण लावून देतो!"

"मग जायचं नाहीये असं तू का नाही म्हणालीस?"

"मीच म्हणू? नेहमी मीच?"

"अहो, अहो," पट्टेवाला धावत आला, "हे कोर्ट आहे, घर नव्हे. भांडायचं तर घरी जाऊन भांडा." कुणीतरी फिस्सकन हसलं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला होता. राजदूतानं खुर्चीची पाठ धरली. हा असला आवाज त्याला माहीत होता, फक्त तो नेहमी दुसऱ्या खोलीतून यायचा. आपण वडिलांसारखे ओरडलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं मुंगीकडे पाहायचं धाडस केलं. त्याला वाटलं होतं ती कोपऱ्यात आकसून बसली असेल, तो लहानपणी आकसायचा तशी. मुंगी उभी होती. तोंड थोडं उघडं, डोळे मोठे, आणि एकदा आईकडे, एकदा बापाकडे अशी पाहत होती, जशी बंद पडलेलं यंत्र अचानक सुरू झाल्यावर माणसं पाहतात. मग तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं चुरगाळलेली पिशवी राजदूताच्या हातात दिली आणि ती आत गेली. दार लागलं.

ती किती वेळ आत होती कोण जाणे. आई आणि तो, दोघं उभेच राहिले, त्याच जोडलेल्या खुर्च्यांपाशी. एक हलली की दुसरी हलायची, म्हणून कुणी बसलं नाही. त्याच्या मनात एकही धड विचार येत नव्हता. नुसती भीती. आधी होती ती भीती निदान कशाची तरी होती, आता तिला आकारच राहिला नव्हता. मुंगीची आई पदराशिवाय डोळे पुसायची सवय नसलेल्या बाईसारखी मनगटानं डोळे पुसत होती. एकदा ती म्हणाली, "तुझा आवाज एवढा मोठा आहे?" आणि तो म्हणाला, "मलाही माहीत नव्हतं." मग दार उघडलं आणि त्या दोघांना आत बोलावलं. न्यायाधीशबाई साध्या होत्या, दमलेल्या होत्या, त्यांच्यापुढे थंड झालेला चहाचा कप होता. मुलगी आईकडे राहील, त्या म्हणाल्या. शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी वडिलांकडे. मुलगी शहाणी आहे, तिनं विचार करून सांगितलंय. "तुम्हाला काही म्हणायचंय?" त्यांनी राजदूताला विचारलं. काहीच नव्हतं. ज्या एका शब्दाची भीती होती तो त्यानं ऐकला होता आणि तरीही तो खाली कोसळला नव्हता. बोट भाजल्यावर पहिल्या क्षणी काहीच कळत नाही, तसं झालं होतं. तो "नाही" म्हणाला आणि बाहेर आला.

जिन्यात मुंगीनं त्याला गाठलं. आई वर वकिलांशी बोलत थांबली होती. मुंगी त्याच्याबरोबर एकेक पायरी उतरायला लागली, त्याच्याकडे न पाहता. "रागावलास, बाबा?" तिनं विचारलं. नाही ग, वेडे, असं तो म्हणणार होता. "हो," तो म्हणाला. "थोडा. आणि वाईट वाटलं. खूप." मुंगीनं मान हलवली, जणू हे उत्तर तपासून घेतलं. "मी आधीच ठरवलं होतं," ती म्हणाली. "तू ओरडलास तेव्हा बदलावंसं वाटलं एकदम. मला वाटायचं, मी नसले तरी तुला चालतं. पण मग म्हटलं, आईला एकटीला नाही राहता येत. ती रात्री माझ्या खोलीत येऊन झोपते. तुला येतं ना एकट्याला?"

जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती, आणि खिडकीबाहेर गाड्या लावायचं मैदान, त्यावरचा उजेड आता पिवळा होत चालला होता. हो, येतं की, हे वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं. "नाही," राजदूत म्हणाला. "नाही येत, मुंगे. मला भीती वाटते."

"कशाची?"

"आता घरी जायची." सांगताना त्याला लाज वाटत होती, तरी तो सांगत गेला. "दार उघडलं की सगळं अंधारं असतं. आत कुणी नाही हे माहीत असतं, तरी मी दारातच थांबतो. चपला काढायला उशीर लावतो. बटण भिंतीच्या आतल्या बाजूला आहे ना, तिथपर्यंत जायचं अंगावर येतं."

मुंगी हसली नाही. तिनं थांबून नीट विचार केला, कपाळाला आठी घालून, गणित सोडवताना घालते तशी.

"सकाळी निघतानाच दिवा लावून जायचं," ती म्हणाली. "मी तसंच करायचे. शाळेतून आल्यावर घरात कोणी नसायचं ना, म्हणून मी जातानाच बाहेरच्या खोलीतला दिवा लावून ठेवायचे."

राजदूत तिच्यानंतर घरातून निघायचा. रोज. सगळं बघून, गॅस बघून, नळ बघून, शेवटी बाहेरच्या खोलीतला तो दिवा मालवून.

"मग तू आल्यावर..."

"अंधारच असायचा," मुंगी म्हणाली. वरून आईनं हाक मारली. मुंगी दोन पायऱ्या चढली, आणि वळून म्हणाली, "आता बंद करू नकोस."